घरच्या सगळ्यांना घेऊन पहिल्यांदा क्रूझला जाताय? मग इंदूरातून निघायच्या आधी एवढं करून ठेवा

आपल्या इंदूरकरांना पाणी म्हंजे नर्मदा आणि फार तर यशवंत सागर, समुद्राशी रोजचा संबंध नाही, त्यामुळे क्रूझचा विषय निघाला की घरात आधी दोनच प्रश्न येतात, उलट्या होतील का आणि जेवायला काय मिळेल. दोन्हीबद्दल पुढे लिहिलंय, पण त्याच्याआधी मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगते. घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस आणि सगळ्यात लहान पोर, या दोघांना डोळ्यांसमोर ठेवून सगळं ठरवा. मधले लोक कुठेही भागवून घेतात, त्यांची काळजी नको. आणि जहाज सुटलं की कोपऱ्यावरचा मेडिकलवाला नसतो, "भैया जरा गाडी रोको" पण नसतं, म्हणून जी काही तयारी करायची ती घरूनच करून निघायची.

पहिल्यांदा जाताय तर दोन किंवा तीन रात्रींचीच घ्या हो. मुंबईहून २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचं एम्प्रेस जहाज फिरतंय, अकरा डेकचं म्हंजे मजल्यांचं आहे, आधी ते रॉयल कॅरिबियन या कंपनीकडे होतं. मुंबई-गोवा, लक्षद्वीप, कोची असे त्याचे वेगवेगळे रूट असतात, आणि काही वीकेंडच्या ट्रिप तर कुठेच उतरवत नाहीत, नुसतं समुद्रात फिरवून परत आणतात. घरात सत्तरीच्या पुढचं कोणी असेल तर मला ही शेवटचीच बरी वाटते, कारण चढ-उताराचा त्रास एकदाच. लक्षद्वीप फार सुंदर, पण तिथे मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही, ते खोल पाण्यात थांबतं आणि आपल्याला छोट्या बोटीतून बेटावर नेतात. हलत्या बोटीत पाय टाकून उतरायचं असतं. आजींचे गुडघे दुखत असतील तर हे बुकिंगच्या आधीच त्यांना नीट समजावून सांगा, तिथे गेल्यावर नाही.

सीझनचं म्हणाल तर जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हाचा विचारच सोडा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी सगळ्यात शांत असतं. दिवाळी आणि नाताळात भाव चढलेले असतात, मुलांच्या शाळेचं जमत असेल तर जानेवारीतला एखादा शनिवार-रविवार धरून जा, गर्दी पण कमी.

आता केबिन. इनसाइड म्हंजे खिडकीच नाही, ओशन व्ह्यू म्हंजे खिडकी आहे पण उघडत नाही, आणि बाल्कनी म्हंजे बाल्कनी. एजंट बाल्कनीचा आग्रह करतो, पण मुलं केबिनमध्ये टिकतच नाहीत, दिवसभर वर पूल आणि बुफे यांच्यामध्येच असतात, म्हणून लहान मुलांच्या आईबापांनी इनसाइड घेतली तरी काही बिघडत नाही. आजी-आजोबांना मात्र खिडकी किंवा बाल्कनी द्याच. त्यांना दुपारी पडायचं असतं, उजेड लागतो, आणि गर्दीत न जाता तिथेच बसून समुद्र बघता येतो. चौघांची केबिन घेतलीत तर तिसरी-चौथी बर्थ छताजवळून खाली येते, शिडीने चढायचं, ती वयस्कर माणसाच्या वाट्याला येता कामा नये, म्हणून बुकिंग करतानाच विचारा की खाली किती बेड आहेत. दोन केबिन घेणार असाल तर शेजारशेजारच्या किंवा मधून दार असलेल्या मागा. बाल्कनी घेतलीत आणि घरात तीन-चार वर्षांचं पोर असेल तर बाल्कनीतल्या खुर्च्या कठड्यापासून लांब भिंतीला लावून ठेवा आणि दाराची कडी कायम वर.

आणि केबिन कुठल्या जागी आहे ते बघायला विसरू नका. जहाजाचं पुढचं आणि मागचं टोक जास्त वर-खाली होतं, मधला भाग कमी, आणि खालच्या डेकवर हलणं वरच्यापेक्षा कमी जाणवतं. म्हणून ज्यांना समुद्र लागतो, म्हंजे हलण्याने मळमळतं, त्यांच्यासाठी मधली, खालच्या डेकवरची केबिन. लिफ्टच्या जवळची मिळाली तर उत्तम, कारण कॉरिडॉर इतके लांब असतात की गुडघेदुखीवाल्या माणसाचा अर्धा दम तिथेच जातो.

कोणाला समुद्र लागेल हे कसं कळणार? ओंकारेश्वरला जाताना भेरूघाटात ज्याचा चेहरा उतरतो, ज्याला खिडकी हवी असते, त्याला समुद्रावर लागू शकतं असं धरून चालायचं. कारण तेच आहे, कान सांगतो आपण हलतोय आणि डोळ्यांना समोर स्थिर खोली दिसते, मेंदूचा गोंधळ होतो आणि मळमळायला लागतं. म्हणून मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेल्या मुलांना जास्त होतं. उपाय म्हणजे उघड्या डेकवर जाऊन लांब क्षितिजाकडे बघत उभं राहायचं, पोट रिकामं ठेवायचं नाही आणि तुडुंब पण भरायचं नाही, आणि आलेपाकाच्या वड्या जवळ ठेवायच्या, त्या खरंच उपयोगी पडतात. ॲव्होमिनसारखी गोळी घ्यायची तर त्रास सुरू व्हायच्या आधी, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात राहतच नाही. पण त्या गोळीने झोप येते आणि काचबिंदू, प्रोस्टेट वगैरे असेल तर ती चालेलच असं नाही, म्हणून आजोबांसाठी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना तर ही गोळी देतच नाहीत, आणि मोठ्या मुलांनाही डोस डॉक्टरांनीच ठरवायचा.

अगदी तान्ह्या बाळाला जहाजावर घेत नाहीत, बऱ्याच कंपन्यांची अट कमीत कमी सहा महिन्यांची असते, लांबच्या सफरीला एक वर्षाची. आणि घरात कोणी गरोदर असेल तर बहुतेक ठिकाणी चोविसावा आठवडा लागला की चढू देत नाहीत, त्याच्या आधी सुद्धा डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. हा हिशोब ज्या दिवशी प्रवास संपतो त्या दिवसाचा धरतात, बुकिंगच्या दिवसाचा नाही.

कागदपत्रांमध्ये आपल्या मराठी घरात एक हमखास घोटाळा असतो आणि तो म्हणजे बायकांची नावं. आधारवर सासरचं नाव, पासपोर्टवर माहेरचं, बँकेत तिसरंच. बुकिंग ज्या आयडीवर केलं तोच आयडी गेटवर दाखवायचा आणि अक्षर न् अक्षर जुळायला हवं, मधलं वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव आहे की नाही ते पण बघा. भारतातल्या भारतात फिरणार असाल तर सरकारी फोटो आयडी चालतो, मुलांचं आधार किंवा जन्मदाखला घ्या. नातवंडं फक्त आजी-आजोबांबरोबर जाणार असतील तर आईबापांचं संमतिपत्र सोबत हवं. लक्षद्वीपला जायला परमिट लागतं, ते क्रूझवाले काढून देतात पण फॉर्म आणि आयडी वेळेवर द्यावे लागतात. सिंगापूरहून निघणारी क्रूझ घेणार असाल तर पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी चालू हवा, आणि जहाज मधे दुसऱ्या देशात जाऊन परत सिंगापूरलाच येतं, म्हणून व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आहे ना ते बघा, शिवाय वाटेतल्या प्रत्येक देशाचे नियम वेगळे बघावे लागतात. पासपोर्ट सेवा केंद्र इंदूरातच आहे, पण आजींचा जुना पासपोर्ट संपलेला आढळला की धावपळ होते, म्हणून कपाटातून आजच काढून तारीख बघा. सगळ्या कागदांचे फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये, आणि एक एक झेरॉक्स वेगळ्या बॅगेत.

मुंबईला जायचं कसं, तर माझं ठाम मत आहे की आदल्या दिवशीच पोचा. अवंतिका एक्स्प्रेस इंदूरहून संध्याकाळी निघून सकाळी मुंबई सेंट्रलला उतरवते आणि बोर्डिंग दुपारचं असतं, त्यामुळे कागदावर सगळं जुळतं, पण गाडी लेट झाली, विमान उशिरा सुटलं, तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत. गेट तर सुटायच्या तास-दीड तास आधीच बंद होतं. मुंबईत आपलं कोणी ना कोणी असतंच, दादरला मावशी, ठाण्याला आत्या, त्यांच्याकडे एक रात्र काढा, भेटही होईल आणि आजी रात्रभराच्या प्रवासानंतर ताज्या होऊन जहाजावर चढतील. क्रूझ टर्मिनल बॅलार्ड पियरला आहे, सीएसएमटीच्या जवळ. व्हीलचेअर हवी असेल तर बुकिंगच्या वेळीच लिहून द्या, तिथे जाऊन मागितली तर वाट बघत बसावं लागतं. वेब चेक-इन घरूनच करायचं आणि बोर्डिंग पास प्रिंट काढून ठेवायचा.

टर्मिनलवर मोठ्या बॅगा हमालांकडे द्यायच्या असतात, त्या तुमच्या केबिनसमोर दोन-तीन तासांनी, कधी संध्याकाळपर्यंत येतात. म्हणून हातातली बॅग विचार करून भरा. आमच्या सासूबाईंसाठी मी एक कापडी पिशवी वेगळीच लावते: दिवसाच्या वेळांप्रमाणे लावलेली गोळ्यांची डबी, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, शाल, एक साडी, वाचायची पोथी, आणि बडीशेप. ती पिशवी त्यांच्या हातातून हलत नाही. मुलांच्या हातातल्या बॅगेत स्विमिंग कॉस्च्यूम आणि एक कपड्यांचा जोड, कारण चढल्या चढल्या त्यांना पूलमध्येच उडी मारायची असते आणि बॅग आलेली नसते. पूलमध्ये कॉटनचे कपडे चालत नाहीत, डायपरवालं बाळ पण चालत नाही, आणि बऱ्याच जहाजांवर लाइफगार्ड नसतो, तेव्हा एका मोठ्या माणसाने पूलच्या काठावर बसायचंच, मोबाइल बाजूला ठेवून.

प्रेस म्हंजे इस्त्री, किटली, मेणबत्ती, अगरबत्ती, एक्स्टेन्शन बोर्ड हे काही घेऊ नका, आगीच्या भीतीने काढून घेतात. देवापुढे दिवा लावणारे असतील त्यांना आधीच सांगा, तिथे नुसता नमस्कार. घ्यायचं काय, तर लोहचुंबकवाले हुक. केबिनच्या भिंती बहुतेक लोखंडी पत्र्याच्या असतात, हुक चिकटवले की टोप्या, ओले कपडे, आयकार्डं सगळं टांगता येतं, बाथरूम इतकं छोटं असतं की ओला टॉवेल ठेवायला जागा नसते. एक हुक दाराच्या बाहेर लावा आणि त्याला रंगीत रिबन बांधा, लहान मुलांना आणि आजींना सारख्या दिसणाऱ्या दारांमधून आपलं दार लगेच सापडतं. परदेशी जहाजावर टॉयलेटमध्ये जेट स्प्रे बहुतेक नसतोच, म्हणून एक छोटा मग किंवा दाबायची बाटली ठेवा. आणि ते टॉयलेट व्हॅक्यूमवर चालतं, त्यात कागद सोडून काही टाकलं तर तुमचंच नाही, शेजारच्यांचंही तुंबतं. चपला रबरी तळव्याच्या घ्या, डेक ओला असतो. वारा फार असतो, साडीला जास्तीच्या पिना, केसांना रबर, आणि थिएटरचा एसी कडक असतो म्हणून सगळ्यांना एक एक स्वेटर. नवीन खरेदीच्या नावाने अख्खं सीतलामाता बाजार बॅगेत भरू नका, केबिनमध्ये कपाट केवढंसं असतं.

खाण्याची काळजी मुंबईच्या जहाजावर करू नका, शाकाहारी आणि जैन जेवण व्यवस्थित असतं. सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजांवर पण भारतीय जेवण मिळतं, पण बुकिंगच्या वेळी लिहून द्यावं लागतं. घरून शिजवलेलं काही नेऊ देत नाहीत. आता इंदूरचा माणूस सेव खाल्ल्याशिवाय कसा राहणार, तर दुकानातलं सीलबंद पाकीट काही जहाजांवर चालतं, काहींवर नाही, कंपनीला मेल करून विचारा आणि उत्तराचा मेल मोबाइलमध्ये ठेवा, म्हंजे स्कॅनिंगला वाद होणार नाही. आजींची एकादशी किंवा चतुर्थी मधे येतेय का ते कालनिर्णयमध्ये बघून घ्या, फळं, दूध, दही, उकडलेला बटाटा मिळतो पण साबुदाण्याची खिचडी मिळेलच असं नाही. आणि दिवाळीत परदेशी क्रूझ असेल तर एक गोष्ट फार जपून करा, फराळात अनारसे नेऊ नका. खसखशीवर सिंगापूरला कडक बंधनं आहेत आणि दुबईकडे तर ती अमली पदार्थांमध्ये धरतात, सणाचा डबा म्हणून कोणी सोडत नाही. सिंगापूरला च्युइंगगम पण नको.

बुफेच्या आधी हात साबणाने धुवायचे, नुसतं सॅनिटायझर चोळून नाही. जहाजावर पोटाची साथ पसरली की वेगाने पसरते आणि तिच्या विषाणूवर सॅनिटायझर फारसं चालत नाही. मुलांना ही सवय निघायच्या आधीपासून लावा. जहाजावर डॉक्टर असतो पण फी भरपूर असते, म्हणून ट्रॅव्हल इन्शुरन्स काढताना त्यात क्रूझ धरली आहे का हे विचारा.

पैशाचं आधी समजून घ्या. तिकिटात केबिन, मुख्य जेवण, पूल, शो, मुलांचा क्लब येतं. कोल्ड्रिंक, स्पेशल रेस्टॉरंट, वायफाय, किनाऱ्यावरची सहल, स्पा हे बहुतेक वेगळं, आणि परदेशी जहाजावर माणशी रोजची टीप बिलात आपोआप लागते. जहाजावर रोख चालत नाही, केबिनच्या कार्डावर सगळं चढत जातं, मुलांच्या कार्डावर खर्च बंद करून घ्या किंवा लिमिट घाला, नाहीतर गेम झोनमध्ये कार्ड टेकवत राहतात आणि आपल्याला शेवटच्या दिवशी कळतं. मोबाइल समुद्रात एअरप्लेन मोडवर हवाच. किनाऱ्यापासून लांब गेलं की जहाजाचं स्वतःचं सॅटेलाइटवरचं नेटवर्क पकडतं आणि त्याचं बिल भलतंच येतं. मग एकमेकांना शोधायचं कसं? जागा आणि वेळ ठरवून ठेवायची, जसं "एक वाजता बुफेच्या दारात," आणि आजींना हातात घड्याळ घालायला लावायचं.

चढल्यावर पहिलं काम सेफ्टी ड्रिल, म्हंजे धोका आला तर काय करायचं याची तालीम. काही लोक केबिनमध्ये बसून टाळायला बघतात, ते करू नका. जानेवारी २०१२ मध्ये इटलीजवळ कोस्टा काँकॉर्डिया खडकाला लागलं तेव्हा नुकत्याच चढलेल्या शेकडो लोकांचं ड्रिल झालंच नव्हतं, त्यानंतर नियम कडक झाला आणि जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या ड्रिल करावंच लागतं. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा हा धोक्याचा इशारा, मुलांना हे पाठ करून घ्या, त्यांना मजाही वाटते. लहान मुलांच्या मापाची लाइफ जॅकेट केबिनमध्ये नसतील तर तिथेच मागून घ्यायची. आणि मुलगा क्लबमध्ये असताना भोंगा झाला तर त्याला कोण घेणार, तिथले लोक आणतात की आपण जायचं, हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

ड्रिल संपली की खाली जाऊ नका, सगळे वर डेकवर या. मुंबई मागे पडताना बघायची असते. संध्याकाळी दक्षिणेकडे निघालेल्या जहाजाच्या उजव्या हाताला सूर्य मावळतो आणि डाव्या हाताला किनारा राहतो. थोडं पुढे गेल्यावर डावीकडे अलिबागच्या बाजूला खांदेरी किल्ला दिसतो, उजेड असेल आणि हवा स्वच्छ असेल तर. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तो बांधायला घेतला तेव्हा इंग्रज आणि सिद्दी दोघेही आडवे आले, तरी काम थांबलं नाही, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांमध्ये खांदेरी आहे. मुलांना हे इंदूरात पुस्तकातून सांगून जे समजत नाही ते तिथे पाच मिनिटांत समजतं, कारण भोवती सगळं पाणी असतं आणि दगड तिथे नेले कसे हा प्रश्न ती स्वतःच विचारतात. मोबाइलमध्ये नकाशा डाउनलोड करून ठेवा, आजोबांना हे काम द्या, ते खूश असतात.

बंदरावर उतरलात तर घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवा. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर ते थांबतात, स्वतः टॅक्सी करून गेलात तर नाही. म्हातारी माणसं सोबत असतील तर परतायच्या वेळेच्या दीड-दोन तास आधीच गेटजवळ या. लक्षद्वीपला पोवळी आणि शंख-शिंपले उचलून आणायला बंदी आहे, मुलांना आधी सांगा. आणि ज्या घरातल्या पुरुषमंडळींचा तसा बेत असेल त्यांना सांगा की बंगाराम बेट सोडलं तर तिथे दारूबंदी आहे.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात, त्या रात्रीच जातात, म्हणून सकाळचे कपडे, चपला, औषधं आणि आयडी बाहेर काढून ठेवलेत का ते प्रत्येकाचं बघा. बिल रात्रीच तपासा, सकाळी काउंटरवर ही लांब रांग असते. उतरल्यावर काही तास, कोणाकोणाला दोन दिवस सुद्धा, जमीन हलल्यासारखी वाटते, घाबरायचं कारण नाही, पण आजींचा हात धरा आणि त्या दिवशी त्यांना जिने चढायला लावू नका. परतीला सकाळची गाडी किंवा विमान घेऊ नका, जहाजातून बाहेर पडायला नंबर लावावा लागतो. संध्याकाळची अवंतिका बरी, आणि तिच्यात दोन लोअर बर्थ क्रूझ बुक केल्या केल्याच बघून ठेवा, सीझनला त्या पटकन जातात.